टर्मिनलच्या चौकटीत नाशिक

साध्या मजकुराच्या फायलीत 'नाशिक' असं लिहावं आणि ती फाईल लिनक्सच्या जुन्या वळणाच्या टर्मिनलमध्ये, विम किंवा नॅनो या संपादकात उघडावी, तर पडद्यावर पुष्कळदा 'नाशकि' उमटतं. फायलीत काही बिघडलेलं नसतं. तीच फाईल ब्राउझरमध्ये उघडली की गावाचं नाव पुन्हा सरळ दिसतं. शिरवाडकरांचं 'शरिवाडकर' होतं, गिरणारेचं 'गरिणारे', सिडकोचं 'सडिको'. चूक स्वैर नाही, तिला शिस्त आहे: पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्या अक्षराला बिलगते. गोदावरी बहुधा धड दिसते, कारण तिच्यात पहिली वेलांटी नाही. पण जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं नुसती आठवली, नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर, तरी या वेलांटीचा पसारा लक्षात येतो.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे माऊस बाजूला ठेवून आज्ञा टाइप करायच्या असतात. सामान्य वापरकर्त्याला ती आयुष्यात एकदाही उघडावी लागत नाही. पण सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं, संकेतस्थळं चालवणाऱ्यांचं, मोठ्या याद्या आणि तक्ते चाळणाऱ्यांचं आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं निम्मं काम तिथेच चालतं. मराठी संकेतस्थळ, मराठी शब्दकोश, मतदारयादी, बाजारभावांचा तक्ता, काहीही असलं तरी त्याच्या फायलींवर कधी ना कधी या खिडकीतून नजर टाकावी लागते. आणि तिथे मराठी अडखळते.

का अडखळते हे समजायला या खिडकीचं कूळ पाहायला हवं. आज ती एक सॉफ्टवेअर आहे; पूर्वी ते खरंखुरं यंत्र होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये बाजारात आणलेलं व्हीटी-१०० हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. एका ओळीत ८० अक्षरं, अशा २४ ओळी. ८० हा आकडासुद्धा त्याहून जुना, आयबीएमच्या १९२८ सालच्या ८० स्तंभांच्या पंचकार्डाइतका. पडदा म्हणजे गणिताची चौकटींची वही: एका चौकटीत एक अक्षर, सगळ्या चौकटी सारख्या रुंदीच्या. रोमन लिपीला हे मानवतं. प्रत्येक अक्षर सुटं, डावीकडून उजवीकडे, कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही की पायाशी लोंबत नाही. आजच्या टर्मिनलच्या खिडक्या कितीही देखण्या झाल्या, पारदर्शक झाल्या, रंगीत झाल्या, तरी आतून त्या अजून व्हीटी-१०० चीच नक्कल करतात. मराठीची गाठ पडते ती या चौकटीशी.

टर्मिनलमध्ये मराठी बिघडते ती तीन निरनिराळ्या कारणांनी, आणि आपण तिन्ही एकाच नावाने ओळखतो: 'फॉन्टचा प्रॉब्लेम'. खरं तर फॉन्टचा दोष त्यात सगळ्यांत कमी वेळा असतो.

पहिलं कारण सांकेतिकीकरणाचं, म्हणजे एन्कोडिंगचं. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक दिले आहेत. 'न' हा २३४४, पहिली वेलांटी २३६७. फायलीत साठवताना यूटीएफ-८ ही पद्धत वापरली तर यातला प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली, आणि आज जगातला बहुतेक मजकूर तिच्यातच साठवला जातो. 'न' म्हणजे २२४, १६४, १६८ हे तीन बाइट. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. आता टर्मिनलला किंवा संपादकाला कोणी सांगितलंच नाही की ही फाईल यूटीएफ-८ आहे, तर तो प्रत्येक बाइटला पश्चिम युरोपीय वर्णमालेतलं एकेक अक्षर समजतो. तिथे २२४ म्हणजे डोक्यावर तिरका फराटा असलेला रोमन ए, आणि १६४ म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, चार कोपऱ्यांना चार पाय फुटलेलं वर्तुळ. 'नाशिक' या शब्दातली पाचही चिन्हं योगायोगाने याच दोन बाइटांनी सुरू होतात. त्यामुळे चुकीच्या सांकेतिकीकरणात वाचलेल्या नाशिकमध्ये चलनाचं चिन्ह पाच वेळा येतं. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या गावाला हे शोभतं, पण वाचता येत नाही.

या बिघाडाची ओळख पटवणं सोपं आहे. रोमन लिपीतली फराटे-टिंबं असलेली अक्षरं, प्रश्नचिन्हांची रांग, किंवा आकड्यांचे तिरक्या रेघांनी जोडलेले गट दिसले की समजावं, मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. आवृत्त्यांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली मराठी नावाची फाईल दाखवताना मूळ नेमणुकीत ३४०, २४४, २५० असे अष्टमान पद्धतीचे आकडे छापते. ते दुसरंतिसरं काही नसून 'न'चेच तीन बाइट असतात. 'कोअर.कोटपाथ' ही तिची नेमणूक बंद केली की नावं देवनागरीत दिसू लागतात. टर्मिनलमध्ये 'लोकेल' ही आज्ञा दिली की प्रणाली कुठलं सांकेतिकीकरण गृहीत धरते ते कळतं. तिथे यूटीएफ-८ हे शब्द दिसले नाहीत तर पुढची सगळी खटपट व्यर्थ आहे. आधी ते दुरुस्त करावं. त्यासाठी लोकेल मराठीच असायला हवं असं नाही, इंग्रजी-भारत चालेल, पण शेपटाला यूटीएफ-८ हवं.

विममध्ये एक फसवी गोष्ट आहे. फाईल उघडताना तो ठरलेल्या क्रमाने सांकेतिकीकरणं लावून पाहतो. हजार ओळींच्या शुद्ध मराठी फायलीत एकच बाइट नासका असला, तरी यूटीएफ-८ ची परीक्षा नापास होते आणि तो अख्खी फाईल युरोपीय समजून उघडतो. अशा वेळी घाबरून काही बदलू नये आणि चुकूनही ती साठवू नये. फाईल तशीच बंद करून, सांकेतिकीकरण स्वतः सांगून पुन्हा उघडावी. तसं न करता त्याच अवस्थेत मजकुराचं रूपांतर करून साठवलं, तर प्रत्येक बाइटचं पुन्हा एकदा सांकेतिकीकरण होतं आणि तीन बाइटांचं अक्षर सहा-सात बाइटांचं होऊन बसतं. ते परत सोडवता येतं, पण त्यात एक रविवार जातो.

इथेच एक वेगळा रोगही ओळखून ठेवावा. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मराठी छपाई श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांवर चालली. त्यांत 'क' हा खरा 'क' नसून रोमन अक्षराच्या जागी काढलेलं 'क'चं चित्र असतं. अशी फाईल टर्मिनलमध्ये उघडली की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. तो टर्मिनलचा दोष नाही, आणि लोकेल बदलून तो जाणारही नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. जुन्या दिवाळी अंकांच्या फायली सांभाळून बसलेल्या प्रकाशकांनी हे जितक्या लवकर करावं तितकं बरं.

दुसरं कारण वेलांटीचं. आपण बोलताना 'श' आधी उच्चारतो आणि मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढतो. मराठी टंकयंत्रावरही वेलांटीची कळ आधी दाबायची आणि मग 'श'ची. संगणकासाठी मानक ठरवताना भारतीय तज्ज्ञांनी उच्चाराचा क्रम निवडला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्की या संहितेत तोच आहे आणि युनिकोडने तोच उचलला. फायलीत 'श' आधी, वेलांटी नंतर. शोधायला, वर्णानुक्रम लावायला, दुसऱ्या भारतीय लिपीत न्यायला हा क्रम उत्तम. पण पडद्यावर काढताना कोणीतरी ती वेलांटी उचलून 'श'च्या आधी मांडली पाहिजे, 'क' आणि 'ष' एकत्र करून 'क्ष' घडवला पाहिजे, 'र्य'मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवला पाहिजे. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला शेपिंग इंजिन म्हणतात. आपण अक्षरजुळणी म्हणू. हार्फबझ हे त्यातलं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, सगळीकडे तेच आहे. म्हणून तुमच्या फोनवर 'त्र्यंबकेश्वर' नीट दिसतं.

टर्मिनल मात्र एकेक चिन्ह घेऊन एकेका चौकटीत बसवत जातं. 'श' एका चौकटीत, वेलांटी पुढच्या चौकटीत, 'क' त्यापुढच्या. वेलांटीचा आकार उजवीकडच्या अक्षराला कवेत घेणारा असल्यामुळे ती आपोआप 'क'ची वाटते. झालं 'नाशकि'. जोडाक्षरांत पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. शिरोरेषा दर चौकटीला तुटते, आणि मराठी मजकूर दातात फटी असलेला दिसू लागतो.

तिसरं कारण रुंदीचं, आणि तापदायक तेच. दिसणं एकवेळ सोसता येतं, मोजणी चुकली की कामच थांबतं.

संपादक आणि टर्मिनल हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. विम टर्मिनलला सांगतो: अमुक ओळीत, अमुक चौकटीपासून ही अक्षरं काढ. काढून झाल्यावर कर्सर कुठे पोचला असेल याचा हिशेब विम स्वतःच्या तक्त्यावरून करतो, आणि टर्मिनल त्याच्या तक्त्यावरून. दोघं एकमेकांना विचारत नाहीत. इंग्रजीत प्रश्न येत नाही, कारण तिथे दोघांचा हिशेब एकच: एक अक्षर, एक चौकट. देवनागरीत मात्र काही चिन्हांना स्वतःची जागा लागते, काहींना नाही.

युनिकोडने चिन्हांची वर्गवारी केली आहे. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्ताचा पाय ही वर किंवा खाली बसणारी चिन्हं; त्यांची रुंदी शून्य. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार, विसर्ग ही बाजूला जागा अडवणारी. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी लिहिलेलं रुंदी मोजणारं छोटं फंक्शन पुढे अनेक टर्मिनलांनी उचललं. त्यात जागा अडवणाऱ्या चिन्हांना एक चौकट मिळते. विमच्या अनेक आवृत्त्यांत मात्र ही सगळीच चिन्हं मागच्या अक्षराला जोडलेली, म्हणून शून्य रुंदीची धरली जातात. परिणाम पाहा. 'नाशिक' टर्मिनलच्या हिशेबाने पाच चौकटींचं, विमच्या हिशेबाने तीन. कर्सर दोन घरं चुकतो. तुम्ही पुढे टाइप करता ते भलतीकडेच उमटतं, पुसलेली अक्षरं भुतासारखी मागे राहतात, आणि कंट्रोल-एल दाबून पडदा पुन्हा काढायला लावल्यावर खरं काय ते कळतं.

यातला गमतीचा भाग असा की दिसण्यातली अडचण आणि मोजण्यातली अडचण एकमेकींना विचारत नाहीत. 'त्र्यंबकेश्वर' दिसतं भयंकर: त-ला पाय, र-ला पाय, श-ला पाय, सगळी अक्षरं विखुरलेली. पण त्यात काना नाही, वेलांटी नाही. फक्त हलन्त, अनुस्वार आणि मात्रा. त्यामुळे विम म्हणतो आठ चौकटी, टर्मिनलही म्हणतं आठ. कर्सर अचूक. उलट गोदावरी दिसायला व्यवस्थित, पण टर्मिनल तिला सात चौकटी देतं आणि विम चार. तीन घरांची चूक. जे नाव डोळ्याला बरं दिसतं तेच हाताला दगा देतं. म्हणून 'मला तर नीट दिसतंय' या वाक्यावर कोणी विसंबू नये.

लासलगावच्या कांदा बाजाराचा तक्ता करायचा आहे असं समजू. पहिल्या स्तंभात गावं, दुसऱ्यात भाव. गावासाठी २० रकाने राखले. बॅश या आज्ञा-कवचातली छपाईची आज्ञा बाइट मोजते: 'लासलगाव' सात चिन्हांचं, २१ बाइटांचं, म्हणजे वीस रकाने आधीच संपले आणि एकही मोकळी जागा मिळत नाही, 'येवला' १५ बाइटांचं, त्याला पाच जागा मिळतात. तक्ता वाकडा. पायथन भाषा बाइट न मोजता युनिकोडची चिन्हं मोजते: लासलगाव सात, येवला पाच. जवळ आलो, पण 'ये'वरची मात्रा पडद्यावर जागा घेत नसल्याने येवल्याची ओळ अजून एका घराने मागे राहते. आणि शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो येवल्यात तीन अक्षरं आहेत असं सांगेल, लासलगावात पाच. तोच बरोबर आहे. बाइट, चिन्हं, चौकटी, अक्षरं अशा चार मोजपट्ट्या आहेत आणि संगणकाचे निरनिराळे भाग न सांगता वेगवेगळी पट्टी लावतात. यावर उपाय असा: तक्ता साठवताना मोकळ्या जागा घालून स्तंभ सरळ करण्याच्या फंदात पडूच नये. दोन स्तंभांमध्ये टॅब किंवा स्वल्पविराम ठेवावा आणि सरळ दिसण्याचं काम स्प्रेडशीटवर सोपवावं.

खोडण्याचाही असाच घोळ. विममध्ये 'एक्स' दाबलं की कर्सरखालचं मूळ अक्षर आणि त्याला लागलेली सगळी चिन्हं एकदम जातात. फक्त वेलांटी चुकली असेल आणि तेवढीच काढायची असेल तर 'डेलकम्बाइन' हा पर्याय चालू करावा लागतो. मग चिन्हं एकेक करून खोडता येतात. मराठीत काम करणाऱ्याने तो कायमचाच चालू ठेवावा असं माझं मत आहे. 'मॅक्सकम्बाइन' हा दुसरा पर्याय एका अक्षराला जास्तीत जास्त किती चिन्हं दाखवायची ते ठरवतो. मूळ नेमणूक दोनची, सहापर्यंत नेता येते. कर्सर अक्षरावर ठेवून 'जी' आणि 'ए' दाबलं की त्या जागी फायलीत खरोखर कोणते क्रमांक आहेत ते विम खाली लिहून दाखवतो. डोळ्यावर विश्वास उरला नाही की ही आज्ञा कामी येते.

मराठीला तिची गरज हिंदीपेक्षा जास्त पडते, आणि याला कारण आपला अर्धा र. सह्याद्रीच्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' दोन रीतींनी लिहिता येतो. एकीत २३५३ क्रमांकाचा खास 'ऱ' वापरायचा. दुसरीत साधा 'र', त्याला हलन्त आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. अक्षरजुळणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही सारखेच दिसतात. पण शोधाच्या आज्ञेला ते वेगळे शब्द वाटतात; एका रीतीने 'वऱ्हाड' शोधलं की दुसऱ्या रीतीने लिहिलेलं सापडत नाही. आणि एखाद्या प्रोग्रॅमने 'अदृश्य कचरा' म्हणून ते जोडचिन्ह साफ केलं, की दऱ्यांचा दर्या होतो. अशीच गत 'ॲड.' मधल्या ॲ-ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ-वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि अजूनही ठेवतात. दिसायला जुळी, आतून निराळी. या बाबतीत चौकटींच्या टर्मिनलचा एक फायदाही आहे. तिथे सगळी चिन्हं उघडी पडतात. जे सुबक संपादक झाकून टाकतात ते इथे दिसतं.

लिपी आणि यंत्र यांचं हे भांडण संगणकाने सुरू केलेलं नाही. खिळे जुळवण्याच्या काळापासून ते चालू आहे. देवनागरीच्या छपाईला शेकडो खिळे लागत, टंकयंत्रावर तेवढ्या कळा मावत नसत, आणि मग लिपीच सुटसुटीत करावी असा विचार पुढे येई. त्याचा मराठीतला सर्वांत आग्रही पुरस्कर्ता नाशिकजवळच्या भगूरचा. विनायक दामोदर सावरकरांनी मांडलेल्या लिपिशुद्धीत इ, उ, ए यांची स्वतंत्र रूपं काढून टाकून अ-लाच वेलांट्या, उकार, मात्रा लावायच्या होत्या. 'अ'ची बाराखडी म्हणून ती ओळखली गेली. किर्लोस्कर मासिकाने ती कितीतरी वर्षं छापली. पुढे १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या लिपीसुधार परिषदेने तर थेट आपल्या वेलांटीलाच हात घातला: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, थोड्या आखूड दांडीची काढावी असं ठरलं. म्हणजे आजच्या टर्मिनलला सोयीचं झालं असतं असंच. लोकांना ती दुसऱ्या वेलांटीपासून वेगळी ओळखता येईना, आणि काही वर्षांत ती सुधारणा मागे घ्यावी लागली.

सावरकरांचा हेतू मुद्रण स्वस्त व्हावं हा होता आणि त्या काळात तो चुकीचा म्हणता येत नाही. शिशाचा खिळा बुद्धिमान करता येत नव्हता. आज मात्र तो युक्तिवाद लंगडा आहे. एक प्रोग्रॅम बदलून जे होतं त्यासाठी कोट्यवधी लोकांचं लेखन बदलायचं कारण नाही. आणि हे करता येत नाही असंही नाही, कारण एकदा करून झालेलं आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं. संगणकात बसवायचं एक जिस्ट कार्ड, आणि मोठ्या संगणकांना जोडायची जिस्ट टर्मिनल. डीबेस, लोटस अशा डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमांमध्ये, ज्यांना देवनागरी हा शब्दही ठाऊक नव्हता, त्या कार्डाच्या जोरावर जोडाक्षरांसह मराठी दिसत असे. पुढे विंडोजचं राज्य आलं, कार्ड अडगळीत गेलं, आणि टर्मिनलची दुनिया पुन्हा कोऱ्या पाटीवर आली.

आता व्यवहाराचं. खिडक्यांचा पडदाच नसलेल्या सर्व्हरवर, म्हणजे लिनक्सच्या मूळ कन्सोलवर, मराठी पाहण्याचा हट्ट सोडावा. तिथे एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि अक्षरजुळणी नाहीच. पण तिथे प्रत्यक्ष बसून काम करायची वेळ क्वचित येते. आपण दुरून जोडणी करतो तेव्हा सर्व्हर फक्त बाइट पाठवतो. अक्षरं काढतं ते आपल्या टेबलावरच्या संगणकाचं टर्मिनल. म्हणून फॉन्ट सर्व्हरवर चढवून काही होत नाही. फॉन्ट आणि टर्मिनल आपल्याकडचं सुधारावं, सर्व्हरवर फक्त यूटीएफ-८ चं लोकेल असल्याची खात्री करावी.

टर्मिनलांमध्ये केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं कॉन्सोल देवनागरी बरीच बरी जुळवतं, आणि एमएलटर्म हे कमी ठाऊक असलेलं टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून लिहिलेलं आहे. नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्येही वेलांटीच्या मांडणीत गेल्या काही वर्षांत सुधारणा झाली आहे. फॉन्ट म्हणून लोहित मराठी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त चालतो. लोहित मराठीचा फायदा असा की त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. टर्मिनलला मजकुराची भाषा कळत नसल्याने एरवी ते हिंदी वळणाचे काढून मोकळं होतं. विमपेक्षा नॅनोत कर्सर कमी भरकटतो, कारण रुंदीसाठी तो स्वतःचा तक्ता न वापरता प्रणालीचा वापरतो आणि बहुतेक टर्मिनलांशी त्याचं जुळतं. ज्यांना ईमॅक्स या संपादकाची सवय आहे त्यांनी तो टर्मिनलमध्ये न उघडता त्याच्या स्वतःच्या खिडकीत उघडावा. २०२० मध्ये आलेल्या २७ व्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ आहे आणि मराठी अगदी ब्राउझरसारखी दिसते.

माझा सल्ला विचाराल तर दोन ओळींची दुरुस्ती, एखादा शोध, एखादी नेमणूक टर्मिनलमध्ये करावी. पानभर मराठी लिहायचं असेल तर तिथे बसू नये. आणि काहीही झालं तरी यंत्राला वळण लागावं म्हणून शुद्धलेखन वाकवू नये, फायलींची नावं सोयीसाठी रोमनमध्ये करू नयेत, जोडाक्षरं फोडून लिहू नयेत.

युनिकोडने सप्टेंबर २०२३ मध्ये १५.१ ही आवृत्ती काढली, तेव्हा अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याच्या नियमांत एक भर घातली: देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतलं जोडाक्षर हा एकच अखंड घटक मानावा. म्हणजे 'श्व'चे दोन तुकडे नाहीत, एक अक्षर. नियम झाला, तो प्रत्येक टर्मिनलमध्ये आणि प्रत्येक संपादकात उतरायला वेळ लागेल, आणि जिथून तक्रारी येतात तिथे तो आधी उतरतो. हे बहुतेक प्रोग्रॅम खुले आहेत, त्यांच्या तक्रारवह्या कोणालाही लिहायला मोकळ्या आहेत, आणि त्यांत अरबी, जपानी, कोरियन लोकांच्या नोंदी भरपूर सापडतात, मराठी फार थोड्या. तुमच्या टर्मिनलमध्ये मराठी बिघडत असेल तर पडद्याचं चित्र, टर्मिनलचं आणि संपादकाचं नाव-आवृत्ती, लोकेल आणि मूळ मजकूर एवढं जोडून एक तक्रार नोंदवा. मजकुरात 'वऱ्हाड', 'दिंडोरी' आणि 'स्त्रिया' हे तीन शब्द जरूर ठेवा. या तिघांत पास होणारं टर्मिनल मराठीत सहसा नापास होत नाही.